सात सासवा हरवल्या त्याची बखर

श्री कुलस्वामिनी साक्ष. विघ्नहर्त्यास आधी दंडवत, आणि मग पुसणे की बाबा रे, विघ्न पायांत चपला घालून दारातून आत शिरले तेव्हा तू कोठे होतास? शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, अधिक श्रावणमासी एका राज्यात जो अनर्थ जाहला तो जैसा घडला तैसा लिहितो. लिहिताना संतापाने अक्षर वाकडे आल्यास वाचणाराने सोसून घ्यावे.

राज्य लहान. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि गॅलरीत चार कुंड्या. राजे अनंतराव, निवृत्त, स्वभावे गरीब. कारभार सगळा राणीसाहेब कुमुदिनीबाईंचे हाती. घरात एक जुना संगणक होता, आणि त्यात बाईंनी नऊ वर्षे खपून सासरचा कुलवृत्तांत जमवीत आणिला होता. कुलवृत्तांत पूर्वीही एक छापला होता, परंतु त्यात नुसते बाप्येच बाप्ये. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, जैसे काही सारे आभाळातून पडले! बाईंस त्याची भारी चीड. मग त्या एस्टीने गावोगाव हिंडल्या, नव्वदीच्या बायांपाशी जाऊन बसल्या, आणि एकेका सुनेचे माहेरचे नाव, गाव, लेकरे किती आणि जगली किती, ऐसे पुसून आणिले आणि यंत्रात लिहिले. या कुळाची रीत ऐसी की नातवास आज्याचे नाव ठेवावे. त्यायोगे नऊ पिढ्यांत पाच त्र्यंबक राघो जाहले आणि चार राघो त्र्यंबक. बाईंनी दर पिढीचे फोल्डर वेगळे केले, त्यात ज्याच्या त्याच्या नावाची फाइल ठेविली, आणि ज्याची बायको त्याच्याच फाइलीत लिहिली. दसऱ्यानंतर कुलसंमेलन, त्यात ग्रंथ वाटावयाचा, ऐसे ठरले होते.

तो अधिक मास लागला आणि धोंड्याच्या जेवणास लेक ऋजुता आणि जावई कौस्तुभराव यांची स्वारी दाखल जाहली. जावई म्हणजे दशमग्रह, त्यातून हा मोठ्या कंपनीतला! आल्या आल्या यांची नजर संगणकावर पडली आणि म्हणते जाहले, "आई, किती जुनं आहे हे! नवी सिस्टिम टाकून देतो. दहा मिनिटांचं काम." बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, चाललंय ते बरं चाललंय." परंतु अनंतराव मध्येच बोलले, "अगं, एवढं हौसेनं म्हणतायत तर करू दे की." झाले! दहा मिनिटे म्हणता सहा तास लागले. पडद्यावर एक चक्र गरगर फिरे आणि लिहून येई की सर्व काही आपणासाठी तयार होत आहे. मेल्यांनो, तयारच होते की! आणि मग नवी राजवट आली ती काय वर्णावी. बारा वर्षे ज्या प्रिंटराने निमूट छापून दिले त्यास म्हणे तू कोण? आणि जुना पासवर्ड चालेना, त्यात आकडा घाला, चिन्ह घाला, म्हणजे आपल्याच घरात शिरण्यास आपणच हातापाया पडावे. आणि कोपऱ्यातले बटण उचलून मध्यभागी आणून बसविले. कोणी सांगितले होते? मग त्या यंत्राने कौल मागितला की एकाच नावाच्या पुष्कळ फायली सापडल्या, जागा अडते, एक ठेवून बाकीच्या काढू काय? बाई तेव्हा स्वयंपाकघरात याच जावयासाठी पुरण वाटीत होत्या, आणि इकडे जावईबापू "होय" दाबते जाहले, आणि स्वच्छतेची हौस ऐसी की कचऱ्याची टोपलीही लगोलग रिकामी केली.

संध्याकाळी बाई यंत्रापुढे बसल्या आणि फोल्डरामागून फोल्डर उघडू लागल्या. पहिल्या दोन पिढ्या जागेवर, पुढे सात ठिकाणी शुकशुकाट. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"कौस्तुभराव, इथल्या फायली कुठायत?"

"त्या होय? डुप्लिकेट होत्या आई. एकच नाव परत परत आलेलं."

"नाव एक होतं! माणसं पाच होती! आणि त्यांच्या बायका त्यात होत्या!"

"पण पुरुषांची नावं तर आहेतच की. आणि तुमचे कागद असतील ना?"

कागद! मागल्या दिवाळीस यानेच "सगळं आत आहे ना आई" म्हणोन ते रद्दीत घातले होते. बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. परंतु अनंतराव मागून कुजबुजले, "हळू बोल, जावई आहेत ते," आणि ऋजुताचे डोळे भरले, आणि बाईंनी तो राग गिळिला. दुसरे दिवशी त्याच हातांनी तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण दिले. तो "सॉरी हं आई" म्हणोन अनारसे खातखात गाडीत बसला.

मग बाईंनी यंत्र दुकानी नेले, दुकानदार म्हणे आता काही निघत नाही. मग तीन सासवा बाईंस मुखोद्गत होत्या त्या लिहिल्या, आणि तीन फोनावर फोन करून मिळविल्या. राहिली सातवी, तिसऱ्या त्र्यंबक राघोची बायको. तिची हकीकत एका आत्याबाईंस तेवढी ठाऊक, आणि आत्याबाई गेल्या माघात निवर्तल्या. बाईंस इतुके आठवे की पोर बाळंतपणात अठराव्या वर्षी गेली, आणि हे सांगताना आत्याबाईंनी डोळ्यांस पदर लाविला होता. नाव काही केल्या आठवेना. भात कालविताना, दळण निवडताना, बाई ओठांशी नावे लावून पाहात आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेत.

कुळाचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, त्यात काय एवढं? 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

बाई म्हणाल्या, "उपलब्ध होती!" आणि त्या जागी आपल्या हाते मजकूर घातला, तो ऐसा: "हिचे नाव ठाऊक होते. अधिक श्रावणात घरच्या जावयाने संगणक नवा केला, तेव्हा गेले."

"अहो, छापील ग्रंथात जावयाला असं? शोभा होईल कुळाची!"

"आणि सुनेचं नाव नसलं की नाही होत शोभा? हे छापायचं नसेल तर ग्रंथही नाही." मग छापिले.

संमेलनात पंगतीआधी ग्रंथ वाटिला, आणि घटकेत ते पान हातोहात फिरले. कौस्तुभराव लालबुंद होऊन आले आणि म्हणाले, "आई, चारचौघांत हे काय? मी माफी मागितली होती ना?"

बाईंनी या खेपेस आवाज खाली केला नाही. "माझी मागून काय उपयोग, कौस्तुभराव? तिची मागा. घ्या, नाव घेऊन मागा."

जावयाने ग्रंथ मिटून मान खाली घातली. बाई पदर खोचून वाढावयास गेल्या.

सारांश, सात गेल्या, सहा परत आल्या. सातवी आली नाही, सबब बखरीच्या शेवटी 'संपूर्ण' ऐसे लिहिण्याचा रिवाज आहे तो येथे पाळिला नाही.