पटावरचं आठवं नाव

दौलत मास्तर रोज सकाळी मेलेल्या जनावरांची हजेरी घेत असत. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाच्या रस्त्यावर, कापसाच्या शेताला लागून त्यांचे सात पिंजरे होते. त्यातले चार रिकामे. निवृत्त होताना शाळेतून आणलेला कोरा हजेरीपट घेऊन ते प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभे राहत, नाव पुकारत आणि उत्तरासाठी थांबत. साळिंदर काटे खडखडवी, कोल्हा कान हलवी. रिकाम्या पिंजऱ्यापुढेही ते तेवढेच थांबत, समाधानाने मान डोलावत आणि हजेरीची खूण करत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वारा पडलेला होता, तरी आतलं वाळलं गवत हललं. उंदीर असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मी तेव्हा जंगलखात्यात कारकून होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवा कायदा आला. सरकारी मान्यतेशिवाय कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येणार नव्हतं. मास्तरांकडे लोक जखमी जनावरं आणून टाकत आणि बाजाराच्या दिवशी ती बघायला येत, एवढंच. पण पिंजरे होते, बघणारे होते, म्हणजे कायदा लागू होता. अर्ज घेऊन मी गेलो तेव्हा वाटलं, मास्तर घाबरतील. ते हरखले.

"इतक्या वर्सात पयल्यांदा सरकारनं माह्या पोरायची चौकशी केली," म्हणाले.

अर्ज त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात भरला. प्रेक्षकांपासून उपद्रव होतो काय, या रकान्यात लिहिलं, 'होतो, लग्नाचं वऱ्हाड थांबलं की जास्त.' जनावरांच्या डॉक्टरची सोय या रकान्यात, 'येतात, पण तडसाला भितात.'

हे तडस म्हणजे चंद्री. म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मास्तरांचा आवाज आला की पाठीवरची आयाळ उभारून जाळीला नाक लावायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही. मान्यता मिळाली नाही तर तिला नेतील, ही एकच भीती मास्तरांना होती. तपासणीला ते जुन्या लोकांसारखं मुआयना म्हणत. "मुआयन्याच्या दिशी तुमी जवळ राहजा, बाबू," असं त्यांनी मला चारदा सांगितलं.

हैदराबादहून साहेब आले. त्यांनी टेपाने पिंजरे मोजले, दुहेरी दार नसल्याचं नोंदवलं. त्याला मुदत मिळाली असती. मग त्यांनी जनावरांची नोंदवही मागितली आणि मास्तरांनी हजेरीपट पुढे केला. पटावर सात नावं, सगळी हजर. पिंजऱ्यांत तीन.

"बाकी चार कहाँ हैं?"

मास्तर शाळेतल्याच आवाजात म्हणाले, "दाखला देल्याबिगर पोराचं नाव पटावरून कमी नाई होत, साहेब. यायले कोनी दाखला देला?"

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक मृत्यूचा दिवस आणि कारण मास्तरांनी पटाच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं होतं. मला ते माहीत होतं. पान उलटून दाखवायचं, एवढंच काम होतं. पण साहेब वैतागले होते आणि मला त्यांच्यापुढे वेड्याचा वकील व्हायचं नव्हतं.

"मालूम नहीं, सर," मी म्हणालो.

'नोंदी खोट्या' हे शब्द माझ्याच अक्षरात अहवालात गेले.

पंधरा दिवसांनी जनावरं हैदराबादला न्यायला ट्रक आला. मास्तरांनी चंद्रीला नाव घेत घेत वर चढवलं. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. आदिलाबादच्या अलीकडे थांबून मागे पाहिलं. कोल्हा आणि साळिंदर ठीक होते. चंद्रीचं नाक गावाकडच्या जाळीला लागलेलं होतं आणि अंग गार पडलं होतं.

मी मास्तरांना कळवलं नाही. बेल्याचा रस्ताच सोडला.

वर्षभराने एका सकाळी मात्र राहवलं नाही. पिंजरे सातही रिकामे होते, दारं उघडी, आत झाडलेलं, प्रत्येकात ताजं पाणी. मास्तर पट घेऊन उभे होते. "चंद्री," त्यांनी पुकारलं. शेवटच्या पिंजऱ्यातल्या पाण्यावर एक तरंग उठला आणि काठाला जाऊन विरला, कुणी पाण्याला नाक लावावं तसा. मास्तरांनी खूण केली.

मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं. ती पोचलीच नाही, आणि ते माझ्यामुळे.

"मालूम हाय," ते म्हणाले. "त्याच दिशी सांजच्याले आली ना वापस."

त्यांनी पट माझ्यापुढे धरला. चंद्रीच्या खाली आठवं नाव होतं, माझं. त्यापुढे वर्षभर रोजची गैरहजेरी, एकही दिवस न चुकता मांडलेली.

"तुमीच तेवढे येऊन नाई राह्यले होते, बाबू. दाखला तं तुमालेबी देला नवता."

मग त्यांनी चष्मा सारखा केला, पेन्सिल कागदावर टेकवली, माझं पूर्ण नाव त्याच आवाजात पुकारलं आणि थांबले.

'हजर' म्हणायला मला फार वेळ लागला. पेन्सिल तोवर हलली नाही.