तेरावं बटण

लॅपटॉपची स्क्रीन पहिल्यांदा काळी झाली तेव्हा काका बायकोशी फोनवर बोलत होते.

"जेवलात का?"

"हो, केव्हाच," काका म्हणाले. डबा अजून बॅगेतच होता. इकडे त्यांनी "केव्हाच" म्हटलं आणि तिकडे स्क्रीनवरचा उजेड गडप झाला. काकांचा एक हात फोनवर आणि दुसरा डोक्यावर, म्हणजे बटण दाबायला तिसरा हात कुठून आला देव जाणे.

काका म्हणजे कोणाचे सख्खे काका नव्हेत. ऑफिसात सगळी पंचविशीतली मंडळी आणि हे अठ्ठेचाळीसचे, म्हणून काका. आधीची कंपनी बंद पडल्यावर दीड वर्ष घरी बसून काढलेलं. शेजारपाजाऱ्यांनी विचारलं तर "सध्या घरूनच करतो" म्हणायचं आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या. इथं सहा महिने प्रोबेशनवर घेतलं होतं. ते आज संपत होते. चार वाजता मॅडम काम बघणार आणि कायम झाल्याचं पत्र देणार, किंवा नाही देणार.

काम तसं साधं. नव्या लॅपटॉपची वरच्या रांगेतली बटणं चालवायची: उजेड, आवाज, माइक वगैरे. बटण दाबलं की आतून एक आकडा निघतो, आणि त्या आकड्याचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टीमला समजावून सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. बटणं बारा, आकडे बारा. पण जुन्या ड्रायव्हरमध्ये तेरासाठीही एक ओळ होती आणि तिच्या शेजारी आधीच्या माणसाची टीप: 'तेरा आला तर गप्प बसा. का, ते विचारू नका.'

आता तेरावं बटणच नाही, तर ही ओळ हवी कशाला? काका स्वभावानं नीटनेटके. सकाळीच त्यांनी ती उडवून टाकली. हाच शहाणपणा नडला. न ओळखलेला आकडा आला की ड्रायव्हर आता सरळ यादीतल्या पहिल्या कामाला लागत होता, आणि ते काम होतं उजेड शून्यावर नेण्याचं.

काकांनी बटण दाबून उजेड आणला आणि आलेल्या आकड्यांच्या नोंदी उघडल्या. तिथं लिहिलं होतं, 'तेरा.'

"काका, तुम्ही दाबलंत?" शेजारच्या टेबलावरून चाचणीवालीनं विचारलं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार होता तिला, आणि ती तो अगदी मनापासून कमवायची.

"अगं, नसलेलं बटण दाबू कसं?"

"मग कोणी दाबलं?"

दोघांनीही उगाच मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. तेवढ्यात कॉफी ओतून घेत कोणीतरी फोनवर म्हणालं, "निघालोय रे, पाच मिनिटांत पोचतो." स्क्रीन काळी!

चाचणीवालीचे डोळे मोठे झाले. ती लॅपटॉपकडे वाकून हळूच म्हणाली, "माझं वय बावीस." काळी. "काकांचा शर्ट छान आहे." काळी. काकांनी शर्टाकडे पाहिलं. "सॉरी काका," ती म्हणाली, आणि उजेड आणल्यावर तो टिकला. काका घाईघाईनं खुर्चीत सरसावून बसले.

"ती ओळ परत घालतो बाई!"

"बारा वाजून गेलेत."

काम दाखवायच्या दिवशी दुपारी बारानंतर कोड बंद, त्याला कोणी हात लावायचा नाही. पुन्हा उघडायचा तर मॅडमना लेखी कारण द्यायचं. काय लिहिणार? लॅपटॉपला खोटं कळतं म्हणून?

"कोणाला बोलू नकोस हं."

"छे! मी कशाला सांगू?"

काळी.

काका डबा घेऊन वर गच्चीवर गेले. परत येऊन बघतात तर त्यांच्या टेबलापाशी माणसांची रीघ. एकेक जण हसत यायचा, लॅपटॉपच्या कानात सांगावं तसं काहीतरी पुटपुटायचा आणि उतरलेल्या चेहऱ्यानं जायचा. एक जण तर तोंड धुऊन आला. तीन वाजेपर्यंत ऑफिसात कोणी कोणाशी बोलेना. फोन वाजून वाजून बंद पडायचे.

चार वाजता मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. लॅपटॉप मध्ये, पत्र त्याच्या शेजारी.

"सगळं चालतंय?"

"बारा बटणं चालतात." उजेड कायम.

"पूर्ण तुम्हीच लिहिलंत?"

"निम्मं. निम्मं आधीच्या माणसाचं आहे."

"काही बिघडवलंत?"

काकांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं. "एक ओळ काढली. काढायला नको होती."

उजेड हलला नाही. मॅडमनी पत्र पुढं सरकवलं. "शेवटचं. तुम्हाला इथं काम करायचंय ना?"

काकांचा जीव भांड्यात पडला. एवढा एक प्रश्न तरी सोपा होता! "करायचंय हो मॅडम, अगदी मनापासून!"

स्क्रीन काळी झाली.

मानेवर कोणी गार हात ठेवावा तसं झालं काकांना. हे खोटं? दीड वर्ष ज्याच्यासाठी तळमळलो, ते? "नाही, म्हणजे मॅडम, मला खरंच..." खरं काय आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं. काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता, आणि शेजारी मॅडमचा. मॅडमना अजिबात आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

त्यांनी हात लांब करून उजेडाचं बटण दाबलं. "जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या टेबलापाशी येऊन गेले. तुम्ही नव्हता. मीही हेच वाक्य म्हणून पाहिलं."

"मग?"

"तीनदा म्हटलं."

मग मॅडमनी पेन काकांच्या हातात दिलं.

"करा सही. उद्या साडेनऊला या. मीही येणारच आहे."

स्क्रीन लख्ख उजळलेली राहिली.