साडेचार फुटांवर दोन बोटं

थीम पार्कला जायचं की नाही, हा प्रश्न भारत राठोड गुरुजींच्या घरात तीन वर्षं दर उन्हाळ्यात निघत होता आणि दर उन्हाळ्यात ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून मिटत होता. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, पगार बरा होता. हात मात्र खिशाकडे जाता जाता वाटेतच थांबायचा.

“तिकीट अजून वाढलं,” मोबाईलमध्ये डोकं घालून गुरुजी म्हणाले. “एवढ्यात घरी नवा कूलर येते. पाण्यातच खेळाचं तर आपली पैनगंगा काय वाईट हाय?”

“उन्हाळ्यात पैनगंगेत पाणी तरी असते काय?” बायको बबिता म्हणाली. “सोनू अकरा वर्साची झाली. अजून दोन वर्सं थांबा, मंग तिलेच तुमच्यासंगं फिराले लाज वाटन.”

हे गुरुजींना लागलं. त्यांनी पुन्हा मोबाईल उघडला आणि नियमांच्या तळाशी त्यांना एक ओळ सापडली : साडेचार फुटांखालच्यांना अर्धं तिकीट. गुरुजींचा चेहरा खुलला. सोनूला दाराच्या चौकटीशी उभं करून टेप लावला, तर पोरगी दोन बोटं वर भरली. तीन वर्षं ‘पुढच्या वर्षी’ म्हणण्यात ती वाढून बसली होती.

“गुडघे जरासे वाकव,” गुरुजी म्हणाले. “हां, अशीच चाल. लांब फ्रॉकमंदी कोनाले दिसत नाही.”

“तुमी गुरुजी हा ना?” बबितानं विचारलं.

“गुरुजी हाव म्हणूनच आधी सराव करून घेऊन राह्यलो.”

सोनूला पार्क हवंच होतं. तिनं आठ दिवस इतका मन लावून सराव केला की ती विहिरीवर, किराणा दुकानात, सगळीकडे तशीच चालू लागली. कुणाला सांगायचं नाही, अशी बापाची सक्त ताकीद होती. नेमकी तेव्हाच गुरुजींची आई रूपीबाई लेकीकडून परत आली. नातीची चाल पाहून तिनं ओट्यावरच बसकण मारली.

“माह्या नातीच्या पायातला जीव गेला गं!”

महागावकडच्या त्या बंजारा तांड्यात एका घरचं दुखणं एका घरचं राहत नसे. चहा उकळायच्या आत तांड्याचे प्रमुख, नायक किसनसिंग अंगणात हजर झाले. साठ वर्षांत त्यांनी तांड्यातल्या बैलाबकऱ्यांचे पाय बसवले होते आणि माणसांचेही सोडले नव्हते. मागोमाग अर्धा तांडा आला. कुणी तिळाचं तेल आणलं, कुणी डिंकाचे लाडू. जीपवाल्या प्रेमनं बाजाराची खेप सोडून जीप दारात लावली.

“यवतमाळले नेतो, गुरुजी. भाडं नको.”

गुरुजी घाईनं मधे आले. “राहू द्या ना, नायक. आपोआप बरं होते.”

“आपोआप?” नायक गरजले. “बाप हायेस का कोन हायेस तू? धरा रे पोरीले!”

नायकांचे तेलकट हात गुडघ्यापाशी आले आणि सोनू किंचाळली, “मले काहीच नाही झालं! बाबानंच सांगतलं वाकून चालाले! पार्कात अर्धं तिकीट लागते!”

आणि ती ताडकन सरळ उभी राहिली.

नायकांनी धोतराला हात पुसले आणि गुरुजींकडे नुसतं पाहिलं. डिंकाचे लाडू आणणारीनं डबा उचलून पदराखाली घेतला. प्रेमनं जीप सुरू केली.

“वाकून बसत असान तर तुमाले बी अर्ध्या भाड्यात नेतो, गुरुजी!”

त्या हशात गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठाला ‘ताठ उभे राहा’ असं पोरांना सांगायला त्यांची जीभ रेटेना. पार्क परवडत नाही, असं म्हणायचीही आता सोय उरली नव्हती. रविवारी तिघं निघाले.

फाटकावर गुरुजी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “तीन पूर्ण द्या!”

“मोजावं लागतं, सर,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “या दांडीला डोकं लागलं की पूर्ण.”

सोनू छाती काढून गेली आणि तिचं डोकं दांडीवर टण्णकन आपटलं. गुरुजींचंही लागलं. लेकीहूनही ठेंगणी बबिता मात्र दांडीखालून सहज पार झाली.

“मॅडमचं अर्धं,” असं म्हणत खिडकीतल्या मुलीनं बदकाचं चित्र असलेली पिवळी पट्टी पुढे केली. “आम्ही वय नाही पाहत, उंची पाहतो. या पट्टीवर फक्त लहान मुलांचे खेळ.”

रांगेत खसखस पिकली. बबिताचा चेहरा पडला. ती मागे फिरली, दांडीखाली उभी राहिली आणि तिनं हळूच टाचा उचलल्या.

“बबिता, टाचा टेकव!” गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. “अर्धं लागून राह्यलं ना!”

सोनूनं वळून बापाकडे पाहिलं. अंगणात जमलेल्या अख्ख्या तांड्यापुढे वाटली नव्हती एवढी लाज गुरुजींना त्या एका नजरेपुढे वाटली.

“पूर्णच द्या हिले,” ते पुटपुटले.

“सर, कॉम्प्युटर घेत नाही. दोन मोठ्या पट्ट्या आणि एक बदक. कोणी कोणती बांधायची ते तुम्ही पाहा.”

गुरुजींनी आपली मोठी पट्टी बबिताच्या हातात दिली आणि मनगट पुढे केलं. “बदक मले बांधा.”

दुपारभर मायलेकी आकाशपाळण्यात बसून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या. गुरुजी खाली चिमुकल्या आगगाडीत चार-चार वर्षांच्या पोरांमध्ये बसून गोल फिरत होते. कठड्याशी उभ्या असलेल्या एका बाईनं त्यांना कौतुकानं विचारलं, “भाऊ, यातलं तुमचं लेकरू कोणतं?”

गुरुजींनी मान खाली घातली आणि बोट वर केलं.

“माह्या दोघी वरतं हायेत.”