एलनची काळजी

सुलभाताई साठेंना एलनची काळजी वाटते. एलनला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, पण हे त्यांना सांगून उपयोग नाही.

"एवढ्या थंडीत, त्या झोपडीत, अन् दिवस भरलेले हो!" चहाचा कप हातात देता देता त्या म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी भाचीबिची असेल. "मग हॉस्पिटलात का नाही नेत?" असं मी विचारलंसुद्धा.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात त्या आमच्या शेजारी. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं ऑकलंडच्या उत्तरेला एका छोट्या गावात राहिल्या होत्या. तिथल्या दफनभूमीत फिरायला जाता जाता ही एलन त्यांना भेटली. बोटीने इंग्लंडहून आलेली, गाव वसवणाऱ्या पहिल्या गोऱ्या कुटुंबांतली. तिचं माहेर, तिचे दीर, बोटीतच दगावलेलं थोरलं मूल, सगळं ताईंना तोंडपाठ. स्वतःच्या चुलत सासऱ्यांचं नाव मात्र त्या नवऱ्याला विचारतात. साठे एलनला 'आमच्या विहीणबाई' म्हणतात. मुलगी मिहिका मोबाइलवर पोकेमॉन पकडता पकडता म्हणते, "मम, शी इज डेड, ओके?"

त्या उन्हाळ्यात एलनच्या वंशजांनी गावच्या हॉलमध्ये मेळावा ठेवला आणि ताईंना बोलायला बोलावलं. ताईंचं जेवणच सुटलं.

कारण त्या घराण्यात एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत. नवरा पीठ आणायला होडीने गेलेला आणि एलन रानातल्या झोपडीत एकटी बाळंत झाली. पण गावातल्या एका माओरी आजींनी ताईंना वेगळंच सांगितलं होतं. एलन एकटी नव्हती. आजींच्या पणजीने, मेरेने, तिचं बाळंतपण केलं आणि सबंध हिवाळा तिला रताळी खाऊ घातली. मेरेची माणसं त्या नदीकाठी किती पिढ्या आधीपासून राहत होती.

"सांगू की नको रे?" ताई मला रोज कुंपणावरून विचारायच्या. "पणजी त्यांची. मी कोण कुठली साठ्यांची सून!"

"मग नका सांगू."

"असं कसं? मग मेरेचं काय?"

साठ्यांना शिफ्ट होती, म्हणून गाडी मी चालवली. वाटभर ताई भाषण पुटपुटत होत्या आणि अधूनमधून "हीप्स माणसं असतील रे, ढिगाने!" म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावत होत्या.

हॉल भरला होता. ताई उभ्या राहिल्या, माओरीत "किआ ओरा" म्हणून नमस्कार केला आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. केक खाणारे हात थांबले. पुढच्या रांगेतले सगळ्यांत वयस्क आजोबा काठी टेकत उठले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ताईंनी मागच्या रांगेकडे बोट केलं. तिथे त्या माओरी आजी बसल्या होत्या. ताईंनीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. आजोबा त्यांच्याकडे चालत निघाले. ताईंनी येऊन माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

आजोबा आजींसमोर थांबले. "त्या झोपडीत जन्मली ती माझी आजी," ते म्हणाले. "नाव मेरी. आमच्या घराण्यात आधी कुणीच मेरी नव्हती. हे नाव आलं कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं." मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. दोघं कितीतरी वेळ बोलत होते.

परतताना ताई आनंदात असतील असं मला वाटलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मिहिका झाली तेव्हा आम्ही इथेच ऑकलंडात, माउंट रॉस्किलला भाड्याने राहायचो," त्या एकदम म्हणाल्या. "हे कामावर, फोन लागेना. आई पुण्यात. शेजारची सामोअन बाई, सामोआ बेटांवरची, तिच्या गाडीतून मला हॉस्पिटलात घेऊन गेली. बाळ होईपर्यंत हात सोडला नाही तिने. मी घरी परतले, तर ती माणसं घर सोडून गेलेली. नावसुद्धा विचारलं नव्हतं रे मी."

मी गाडीचा वेग कमी केला.

"दर रविवारी एवढ्या लांब अवोन्डेलच्या बाजारात जाते ना मी, जिथे सगळे सामोअन येतात," ताई म्हणाल्या, "ती काय भाजीसाठी जाते होय?"