एकतीस वर्षांचं खमीर

सोमवारी सकाळी बेकरीत होतं ते असं: तडा गेलेली भट्टी एक, लोखंडी साचे चाळीस, मैद्याची पोती सहा आणि झाकणाच्या पातेल्यात आत्याचं एकतीस वर्षांचं खमीर, सहा किलो दोनशे ग्रॅम.

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आठवडाभर कारभार माझ्याकडे. शुक्रवारी गुंतवणूकदार येणार होता. त्याला पटलं तर नवी भट्टी, नाहीतर दाराला कुलूप! मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. म्हटलं, पाच दिवसांत पावांचा असा चढता आलेख काढते, की माणूस बघतच राहील!

रोज मळलेल्या पिठातलं सहा किलो उद्याचं खमीर म्हणून बाजूला निघायचं. मला ते बघवेना.

"काका, हे सहा किलो नुसतं बसून खातंय!"

"बसून नाही मॅडम, फुगतंय," भट्टीवाले काका म्हणाले. "उद्याचा पाव आहे तो."

"उद्याचं उद्या! हे जीव दुपटीने वाढतात. चमचाभर पुरतं."

"तुमचं गणित त्या पातेल्याला सांगितलंत का?"

मंगळवारी तीन किलो ठेवलं, बुधवारी एक, गुरुवारी पाव किलो. पाव वाढले! जरा बसके निघाले, पण आलेखात पावाची उंची कोण बघतो? काका काही बाजूला काढताना दिसले, की मी ओरडायचे, "शिल्लक दिसता कामा नये!"

शुक्रवारी होतं नव्हतं ते सगळं मळायला दिलं. मी मात्र पक्की! वीस ग्रॅम आधीच बाटलीत भरून फ्रीजमध्ये लपवलं होतं.

दुपारी आत्या काठी टेकत आली. मागून गुंतवणूकदार. मी आलेख पुढे केला.

"आकडे राहू द्या," तो म्हणाला. "पाव काय, कुठेही मिळतो. मी ते जुनं खमीर बघायला आलोय."

मी ऐटीत फ्रीज उघडला. आत बाटली नव्हती. ती मोरीच्या कट्ट्यावर होती, घासून पालथी घातलेली!

"काका, यातलं?"

"मळलं की सकाळी! शिल्लक दिसता कामा नये ना? तेवढाच एक घास वाढला."

आत्या स्टुलावर टेकली. "सासूबाईंनी लावून हातात दिलं होतं गं," एवढंच बोलली.

गुंतवणूकदार माझा आलेख नीट घडी घालून परत देऊन गेला.

संध्याकाळी आत्याने पीठ आणि पाणी कालवून नवं खमीर लावलं. नवव्या दिवशी सकाळी मी पातेल्यात मोजपट्टी धरली.

वाढ: चार मिलिमीटर.