हवेत थांबलेलं विमान

कॉम्प्युटर नेमका कधी बदलायचा, याचा निर्णय आता घेऊन टाकायचाच, असं मी एका रविवारी सकाळी दाढी करताना ठरवलं. (दाढी करताना मी फार धाडसी असतो. समोर माझ्याशिवाय कोणी नसतं म्हणून असेल.)

मी विमा कंपनीत आवक-जावक विभागात कारकून आहे. घरी मात्र मी विमान चालवतो. झोपायच्या खोलीत, कपड्यांचं कपाट आणि बायकोचं शिलाई मशीन यांच्यामधे जी चिंचोळी पट्टी उरते, ते माझं कॉकपिट. टेबलाला विमान वळवायची दांडी, पायाशी पेडल, समोर स्क्रीन. संध्याकाळी मी खुर्चीत बसलो की बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आज कुठे?"

"डोंगरांवरून समुद्राकडे."

"येताना दोरीवरचे कपडे आत आणा."

अडचण एकच होती. माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. शहरातल्या इमारती उशिरा आलेल्या पाहुण्यांसारख्या एकेक करून यायच्या. धावपट्टी तर कधी कधी मी शेतात उतरल्यानंतर दिसायची. आणि ढगात शिरलं की कॉम्प्युटर विचारात पडायचा. चित्र जागच्या जागी गोठायचं.

मग इतके दिवस बदलला का नाही? तर ऑफिसातल्या एका मित्रामुळे. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं आणि त्याचा सल्ला कायम एकच असतो: "थांब." चित्रं भरभर काढणारं नवं ग्राफिक्स कार्ड येतंय, थांब. किंमत उतरेल, थांब. आम्ही त्याचं नावच 'थांब्या' ठेवलंय. त्याचं ऐकून मी इतका थांबलो, की ज्या कार्डाची वाट बघत होतो ते बाजारात येऊन, जुनं होऊन, निघूनही गेलं.

"मी आज निर्णय घेणार आहे," मी अर्ध्या गालाला साबण ठेवून जाहीर केलं.

"घ्या," बायको म्हणाली, "पण आधी बाबांचं काय ते बघा."

बाबा म्हणजे माझे सासरे. निवृत्त बस ड्रायव्हर. धुक्यात, पावसात, घाटातल्या वळणावळणांवरून उभा जन्म बस चालवली, पण विमानाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. त्यांची थोरली मुलगी फार लांब राहते. तिला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, आणि आजोबांनी अजून तिला हातात घेतलं नव्हतं. रस्त्याने जायचं तर इतक्या वर्षांच्या ड्रायव्हिंगने मोडलेली त्यांची कंबर साथ देईना. विमानाचं तिकीट दोनदा काढलं, दोनदा रद्द झालं. पहिल्यांदा पोटात दुखलं. दुसऱ्यांदा दात. (दात खरंच दुखतोय हे पटवायला त्यांनी एक धडधाकट दात काढूनही घेतला.)

"त्यांना तुमच्या विमानात बसवा ना," बायको म्हणाली, "जरा सवय होईल."

मला भरूनच आलं. इतक्या वर्षांत मला पहिला प्रवासी मिळत होता!

संध्याकाळी सासरे आले. चपला त्यांनी खोलीच्या दाराबाहेर काढल्या. माझ्याशेजारी स्टुलावर बसले. बायकोने पट्टा म्हणून त्यांच्या पोटाभोवती आपली ओढणी बांधली. मी घसा खाकरून सूचना दिल्या आणि विमान सोडलं. सासऱ्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने एक उघडला.

"चढाला ओढतंय चांगलं," ते म्हणाले.

मी खुलून गेलो. आणखी वर नेलं. समोर ढग आला, आत शिरलो, आणि चित्र गोठलं. मी दांडी हलवली, टेबल हलवलं, कॉम्प्युटरच्या डब्याला खालून लाथ घातली. काही नाही.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा. जरा... थांबलंय."

"हवेत?"

"हो."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. मग भिंतीला आरामात पाठ टेकली.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! हवेत थांबता येतं म्हटल्यावर भ्यायचं कशाला? मला आपलं वाटायचं, एकदा सुटलं की सुटलं." ओढणी सोडत ते लेकीला म्हणाले, "चहा टाक गं. आणि तिकीट काढा माझं."

थांबलेल्या विमानात त्यांनी कपभर चहा शांतपणे प्यायला.

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे पाणावले होते. इतकी वर्षं 'ते डबडं फेकून द्या' म्हणणारी बाई कुजबुजली, "बाबा तिकडे पोचेपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. अगदी धूळसुद्धा पुसायची नाही!"

मी शपथेवर हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात थांब्या धावत आला. "घे!" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "आत्ताच्या आत्ता घे!"

आता तुम्हीच सांगा, असा माणूस 'घे' म्हणतो तेव्हा काय करायचं? मी कार्ड घेतलं. ठरवलं, सासरे जाऊन येईपर्यंत खोका पलंगाखाली ठेवायचा. मग वाटलं, नुसतं उघडून बघावं. मग वाटलं, नुसतं लावून बघावं. ते जुन्या डब्यात मावेना, म्हणून मोठा डबा आणला. त्याला जुनी वीज पुरेना, म्हणून नवा पॉवर सप्लाय. तो डबा टेबलाखाली जाईना, म्हणून टेबल सरकलं. टेबलामुळे शिलाई मशीन सरकलं आणि मशीनमुळे कपाटाचं दार उघडेनासं झालं. (माझे सगळे शर्ट आत होते. पुढचे काही दिवस मी ऑफिसला एकाच शर्टात गेलो.)

बटण दाबलं तसा डब्यातला पंखा असा गरजला, की आमच्याकडे आलेले सासरे बाहेरच्या खोलीतून उठून आले.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

काय सांगू! ढग कापसासारखे. झाडं मोजून घ्यावीत अशी. धावपट्टी आधीपासून हजर. सासरे खाली वाकून बघत होते. "ती नदी बघा," ते म्हणाले. "जरा थांबवा ना, नीट बघू."

आणि मी, अभिमानाने छाती फुगवून म्हणालो, "बाबा, आता हे थांबतच नाही!"

बायको बाजारातून नुकतीच परतली होती, ती पिशवी हातात घेऊन दारातच उभी. सासरे हळूच उठले. उजवा गाल धरून म्हणाले, "दात जरा ठणकतोय."

(पॉज नावाचं एक बटण असतं. त्याची आठवण मला नंतर बायकोने करून दिली.)

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे भाजी निवडत म्हणाली, "आता तुम्हीच जा त्यांच्याबरोबर."

"अगं, पण मी खऱ्या विमानात कधी..."

"माहीत आहे मला."

"मला जरा..."

"तेही माहीत आहे."

मी सासऱ्यांना जाऊन सांगितलं, "बाबा, मी येतो बरोबर. पण एक सांगतो, मलाही भीती वाटते." त्यांनी गालावरचा हात खाली घेतला. "मग जाऊ या," ते म्हणाले.

विमानात ते खिडकीशी, मी मधे. घरी हजारदा उड्डाण केलेला हा वैमानिक, खरं विमान जमिनीवरून सुटताच डोळे घट्ट मिटून बसला.

"जावईबापू, डोळे उघडा."

"बाबा, हे थांबत नाही हो!"

ते हसले. "ठाऊक आहे मला. चाकाखाली जमीन नसताना गाडी थांबत नसते, एवढं ड्रायव्हरला कळतं. तुमचा कॉम्प्युटर अडकला होता."

मी खाड्कन डोळे उघडले. "मग त्या दिवशी...?"

"तुमचं तोंड बघवेना. इतक्या हौसेने बसवलंत, पोरीने ओढणी बांधली. माझ्या भीतीपायी एवढी धडपड चाललीय, तर भीती गेली असं निदान म्हणावं तरी, असं वाटलं."

"आणि गेली होती?"

"कुठली! म्हणून तर परत दातावर आलो."

"मग आज?"

"आज कधी भिऊ? गाडीत एक प्रवासी घाबरलेला असला की ड्रायव्हरला सवडच मिळत नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि खिडकीला नाक लावून ते ढग बघत बसले.

कॉम्प्युटर नेमका कधी बदलावा, हे मला आजही सांगता येणार नाही. मी चुकीच्या वेळी बदलला, एवढं नक्की. पण तो चुकीच्या वेळी बदलला नसता तर मी त्या विमानात नसतो, आणि आपल्याला कोण कोण किती सांभाळून घेतं, हे मला कधी कळलं नसतं. विमानतळाबाहेर त्या छोट्या नातीने आजोबांकडे बघितलं, जरा विचार केला आणि दोन्ही हात वर केले. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं. मी तेवढं बघण्यापुरता पोचलो, पण अगदी शेवटी, धावतपळत.

उशीर व्हायचं कारण सांगायलाच हवं. सासऱ्यांना पुढे धाडून मी एका माणसाची माफी मागायला मागे राहिलो होतो. विमान उतरताना पुन्हा डोळे मिटून मी सासऱ्यांचा हात गच्च धरला होता. चाकं टेकली, विमान उभं राहिलं, माणसं उठली, तरी सोडवेना. "बाबा," मी म्हणालो, "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

खिडकीच्या बाजूने सासऱ्यांचा आवाज आला, "कोणाशी बोलताय?"

आणि दुसऱ्या बाजूचे अनोळखी गृहस्थ अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "विसरू नका हवं तर. पण वरची बॅग काढायला मला दोन्ही हात लागतील."