क्लाइव्ह पेटिफर राजीनामा देत नाही

शनिवारी दुपारी क्लाइव्ह पेटिफरने कचेरीतल्या माइकवरून "मंडळी, चहा तयार आहे" अशी घोषणा केली आणि माइकचं बटण बंद केलं. म्हणजे, केलं असं त्याला वाटलं. हिरवळीवर जड गोळे घरंगळवत खेळायच्या वॅटलब्रुक गावच्या लॉन बोल्स क्लबाचा तो अध्यक्ष. बटण सैल झाल्याची तक्रार त्याच्याकडेच आली होती आणि त्यानेच ती पुढच्या बैठकीवर ढकलली होती.

बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतले सभासद शेवटचा डाव आवरत होते. तेवढ्यात खांबांवरच्या कर्ण्यांतून अध्यक्षांचा आवाज आला, पण इतका लाडिक की आधी कुणी ओळखलाच नाही.

"दार लाव नोरीन. उना बाहेरच आहे."

"तुला जरा धीर म्हणून नाही का रे?" हा आवाज क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या नोरीन डॅलझिएलचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बाई हसतमुख. "परवाच तर झालं!"

"परवाचं परवा. आहाहा... देवा रे! चाळीस वर्षं संसार केला, पण हे सुख काही घरी मिळालं नाही गं."

"हळू! मिशीला लागलंय, पूस ते. उनाला दिसलं तर?"

"तर ती माझा जीव घेईल."

हिरवळीवर कुणाच्या तरी हातातला जड गोळा निसटून स्वतःच्याच पायावर पडला, पण तो माणूससुद्धा ओरडला नाही. सगळ्यांच्या माना क्लाइव्हच्या बायकोकडे वळल्या. उनाने हॅट सरळ केली. "आता माझी खेळी ना?" म्हणाली, वाकली आणि गोळा असा सोडला की तो घरंगळत जाऊन नेमाच्या पांढऱ्या चेंडूला गाल लावून थांबला. टाळी वाजवायची की नाही, हे कुणालाच कळेना.

उपाध्यक्ष वॉली गॅरिटी मात्र धावतच कचेरीत शिरला. अध्यक्षाच्या खुर्चीवर त्याचा बरीच वर्षं डोळा होता.

"क्लाइव्ह, माइक चालू होता."

क्लाइव्हचा चेहरा पांढरा पडला. "कुठपर्यंत ऐकू आलं?"

"थेट मिशीपर्यंत. राजीनामा दे मित्रा. क्लबाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

क्लाइव्हने खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून त्याला उना दिसली. त्याने तोंड मिटलं.

"जे ऐकलंत ते माझं खाजगी आहे," तो म्हणाला. "मी खुलासा देणार नाही, आणि राजीनामाही देणार नाही."

घरी उनाने त्याच्यापुढे सूपचा वाडगा आदळला. "एकच सांग. खुर्ची सोडणार आहेस?"

"नाही."

"सोडायचीही नाही. त्या वॉलीच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. बाकीचं आपण घरात बघू. तुझी उशी मागच्या खोलीत टाकलीय."

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. "अध्यक्षाचं काम हिरवळ राखायचं. राखतोय ना? मग तो कुणाला मिशी पुसायला लावतो याच्याशी आपल्याला काय करायचंय?" असं एक पक्ष म्हणे. "जो घरी खोटं बोलतो, तो उद्या गुणही खोटे मांडेल," असं दुसरा. शेवटी वॉलीने रविवारी दुपारी खास सभा बोलावली. इतकी गर्दी वार्षिक सभेलाही कधी झाली नव्हती.

वॉलीचं भाषण लांबलं. परंपरा, संस्कार, मुलाबाळांपुढचा आदर्श. तो बसला तशी उना उठली.

"नवरा माझा आहे. त्याला काय करायचं ते मी करेन, आणि चांगलंच करेन. पण तुम्ही त्याला अध्यक्ष केलंत ते हिरवळीसाठी. त्यात खोट असेल तर बोला. नाहीतर घरी जा."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लाइव्हचे डोळे भरून आले. खुर्ची वाचली होती.

आणि मागून नोरीन उठली.

"त्याची खुर्ची वाचली, माझ्या नावाचं काय? कसाईसुद्धा मटण देताना मला डोळा मारतो! आता मी गप्प बसणार नाही."

"नोरीन, नको," क्लाइव्ह कळवळून म्हणाला.

"आमच्यात काही नव्हतं. होता तो केक! मध्ये क्रीम, वर पॅशनफ्रूट. मी घरून करून आणते आणि हा दार लावून खातो. का, तर म्हणे उनाचा केक घशाखाली उतरत नाही."

कुणी हसलं नाही. वॅटलब्रुकच्या जत्रेत केकचं पहिलं बक्षीस दरवर्षी उनाला मिळायचं, आणि क्लबात शनिवारच्या चहाबरोबर केक असायचा तो फक्त तिचाच. इतके दिवस हा माणूस व्यभिचाराचा आळ का सोसत होता, ते आता सगळ्यांना समजलं.

उना सावकाश वळली. "उतरत नाही? चाळीस वर्षं 'वा, कापूस आहे कापूस' म्हणत होतास."

"कापूसच आहे गं," क्लाइव्ह म्हणून गेला, आणि मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नोरीन," उना म्हणाली, "आहे का तो केक आत्ता?"

नोरीनने स्वयंपाकघरातून बशी आणली. सगळ्यांसमोर उनाने उभ्याउभ्याच एक घास घेतला. चावला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घास घेतला. मग तिसरा. बशीला लागलेलं क्रीम तिने काट्याने निपटून खाल्लं आणि रिकामी बशी पुन्हा नोरीनपुढे धरली.

"उना, मग राजीनाम्याचं काय करायचं?" वॉलीने हळूच विचारलं.

"गप रे. क्लाइव्ह, हे कधीपासून चाललंय?"

"तीन उन्हाळे झाले."

"केक खाल्लास, ते माफ. खोटं बोललास, तेही माफ. संसारात तेवढं चालतं. पण तीन उन्हाळे असला केक एकट्याने हादडलास, आणि बायकोसाठी एक तुकडा घरी आणावासा वाटला नाही तुला?" उनाचा आवाज पहिल्यांदाच कापला. "असला माणूस अध्यक्ष नको. मांडते मी ठराव."

नोरीनने अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला हात वर गेला तो क्लाइव्ह पेटिफरचा.